नोकरदाराची वाणी आणि धन्याचा हुकूम



नोकरी करणाऱ्या माणसानें आपल्या धन्याच्या कारभाराविषयीं सभेंत किंवा वर्तमानपत्रांत बोलावें कीं न बोलावें, हा प्रश्न आपल्या घराघरांतला आहे. कोणाचा मुलगा बँकेंत असतो, कोणाची सून शाळेंत शिकविते, कोणाचा जावई पुण्यास संगणकाच्या कंपनींत असतो. रात्रीं जेवतांना हीं सारीं माणसें आपापल्या कचेरीविषयीं अगदीं मोकळेपणानें बोलतात. मग घरांतलें एखादें म्हातारें माणूस म्हणतें, "हें एवढें खरें आहे, तर लिहा कीं वर्तमानपत्रांत!" त्यावर लगेच उत्तर येतें, "नोकरी करायची आहे ना, बाबा?" या उत्तरांत इमान किती, कायदा किती आणि भीति किती, हें वेगवेगळें करून पाहावें असा माझा आजचा विचार आहे. मी मॅट्रिक झालेला साधा शाळामास्तर. कायद्याचीं पुस्तकें मी निवृत्तीनंतर वाचलीं, आणि तींहि एका जुन्या प्रकरणाची टोंचणी मनांत राहिली होती म्हणून. तें प्रकरण पुढें सांगेन.

आरंभ आपल्या धुळ्यापासूनच करूं. १८७९ सालीं खानदेश हा एकच जिल्हा होता आणि धुळें हें त्याचें मुख्य ठाणें होतें. पूर्व आणि पश्चिम असे त्याचे दोन भाग १९०६ सालीं पडले. धुळ्यास तेव्हां रेल्वे आलेली नव्हती. अशा या आडवळणाच्या गांवीं १८७९ च्या उन्हाळ्यांत महादेव गोविंद रानडे यांची बदली झाली. रानडे हे सरकारी न्यायाधीश. परंतु गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनीं १८७० सालीं उभारलेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेचे खरे सल्लागार तेच, हें पुण्यांत सर्वांस ठाऊक होतें. १८७६-७७ च्या दुष्काळांत सभेनें रयतेची स्थिति सरकारपुढें मांडली. १८७८ पासून सभेचें इंग्रजी त्रैमासिक निघूं लागलें, आणि त्यांतील बराच मजकूर रानड्यांच्या लेखणींतून उतरत असे. त्याच वर्षीं त्यांस पुण्यांतून नाशकास पाठविण्यांत आलें. पुढल्या वर्षीं वासुदेव बळवंत फडक्यांचें बंड झालें. मे महिन्यांत पुण्याचा बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांस आगी लागल्या. आणि सर रिचर्ड टेंपल यांच्या मुंबई सरकारचा संशय पुण्याच्या शिकलेल्या ब्राह्मणवर्गावर जाऊन पडला. रानड्यांस धुळ्यास हजर होण्याचा हुकूम सुटला तो याच दिवसांत.

रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत धुळ्याचे ते दिवस वर्णिले आहेत. घरीं येणारें टपाल फोडून पाहिलें जात असे. बंडवाल्यांच्या नांवांनीं पत्रें येत, आणि रानडे तीं पोलिसांच्या हवालीं करीत. जो मनुष्य दिवसभर न्यायासनावर बसून दुसऱ्यांच्या पुराव्याची छाननी करी, त्याच्याच घरच्या पत्रांवर पाळत होती. पुढें सरकारचा संशय फिटला. १८८१ च्या आरंभीं रानड्यांस मुंबईस मॅजिस्ट्रेटची जागा मिळाली आणि १८९३ सालीं ते हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले, तेव्हां शेवट गोड झाला असें आपण म्हणतों.

पण या सबंध प्रकरणांत रानड्यांवर आरोप असा एकहि ठेवण्यांत आला नव्हता. त्यांनीं अमुक लेख लिहिला, तो नोकरीच्या अमुक नियमाविरुद्ध आहे, सबब खुलासा करावा, असा कागद त्यांना मिळाला असता तर त्यांच्यासारख्या कायदेपंडितानें त्याचें कसें उत्तर दिलें असतें हें आपण सहज ताडूं शकतों. तसा कागद आला नाहीं. आला तो बदलीचा हुकूम. बदलीच्या हुकुमाला उत्तर नसतें, सामान बांधावें लागतें. नोकराच्या बोलण्यावर धन्याची सत्ता किती, या प्रश्नाची चर्चा लोक बहुधा बडतर्फीवरून करतात. माझ्या मतें आपल्या देशांत या प्रश्नाचें खरें ठाणें बदली हें आहे. बडतर्फी गाजते, कोर्टांत जाते, तिच्यावर निकाल होतात. बदली गाजत नाहीं.

रानड्यांच्या आधीं गोपाळ हरि देशमुख यांनीं निराळी युक्ति योजिली होती. तेहि सरकारी नोकरींत होते. १८४८ पासून मुंबईच्या 'प्रभाकर' पत्रांत त्यांचीं शतपत्रें येऊं लागलीं, तीं 'लोकहितवादी' या टोपणनांवानें. त्या पत्रांत सरकारपेक्षां आपल्याच समाजावर कोरडे अधिक ओढलेले आहेत; तरीहि नांवावर पडदा टाकावा लागलाच. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेंत शिक्षक असतांनाच १८७४ सालीं 'निबंधमाला' काढूं लागले. त्यांची पुण्याहून रत्नागिरीस बदली झाली. १८७९ सालीं त्यांनीं नोकरीचा राजीनामा दिला आणि १ जानेवारी १८८० रोजीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. आपल्या अमळनेरचें उदाहरण तर अगदीं घरचें आहे. साने गुरुजी १९२४ पासून प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. छात्रालय सांभाळीत, 'विद्यार्थी' नांवाचें मासिक चालवीत. १९३० सालीं मिठाच्या सत्याग्रहांत पडावयाचें ठरलें, तेव्हां त्यांनीं आधीं शाळा सोडली आणि मग सभा गाजविल्या. त्यांची रवानगी धुळ्याच्या तुरुंगांत झाली; आणि पुढें १९३२ सालीं त्याच तुरुंगांत विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें त्यांनीं लिहून घेतलीं, हें आपणांस माहीत आहेच.

नोकरी सोडून बोलणें हें सरळ आहे, थोर आहे. त्याला माझा दंडवत. पण तें ज्याला परवडतें त्याचें काम. ज्याच्या घरांत म्हातारी आई आहे, मुलीचें शिक्षण आहे, पतपेढीचें कर्ज आहे, त्याला 'आधीं राजीनामा, मग बोल' असें सांगणें म्हणजे 'बोलूं नको' असेंच सांगणें होय. आणि शाळेचें छप्पर कां गळतें हें शाळेच्या शिक्षकालाच सर्वांत चांगलें ठाऊक असतें. तो शिक्षक राहिला नाहीं, तर त्या छपराविषयीं बोलणाराच उरला नाहीं.

येथें कोणी म्हणेल, ज्याचें मीठ खावें त्याचें इमान राखावें ही आपली जुनी रीति. ती मला मान्य आहे. दुकानांतल्या गुमास्त्यानें मालकाची खतावणी चव्हाट्यावर मांडूं नये, वैद्याच्या मदतनिसानें रोग्याची गोष्ट बाहेर सांगूं नये, मामलेदार कचेरींतल्या कारकुनानें उद्यां निघणारा हुकूम आज गांवांत फोडूं नये. न्यायाधीशानें आणि निवडणुकीच्या कामावरील माणसानें कोणत्याहि पक्षाची तरफदारी करूं नये, कारण निःपक्षपात हाच त्याच्या कामाचा आत्मा आहे. एवढें इमान पगाराबरोबर विकत मिळतें, आणि मिळालें पाहिजे. पण सरकारी नोकराच्या बाबतींत मीठ कोणाचें, हें आधीं ठरवावें लागेल. तिजोरींत पैसा रयतेचा. वरिष्ठ अधिकारी हा त्याच तिजोरींतून पगार घेणारा दुसरा नोकर. रयतेच्या पैशानें बांधलेली भिंत कच्ची आहे असें रयतेला सांगणें ही मिठाची बेइमानी कशी होईल, हें मला अजून कोणी समजावून दिलेलें नाहीं.

आतां कायदा पाहूं. राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें प्रत्येक नागरिकास भाषणाचें व मतप्रदर्शनाचें स्वातंत्र्य दिलें आहे. त्याच कलमांत पुढें, या स्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठीं वाजवी बंधनें घालतां येतील, तीं कारणें मोजून सांगितलीं आहेत: देशाचें सार्वभौमत्व व अखंडत्व, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशीं मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीति, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. ही यादी मी आपणांस मुद्दाम संपूर्ण वाचून दाखविली, कारण तींत 'नोकरीची शिस्त' हे शब्द कोठेंहि नाहींत. सैन्य आणि पोलीस यांच्यासाठीं ३३ वें कलम वेगळें आहे. तेथें शिस्तीकरितां हक्क आंखडतां येतात असें घटनेनेंच म्हटलें आहे. शिक्षक, कारकून, तलाठी, परिचारिका यांच्याविषयीं तिनें तसें म्हटलेलें नाहीं.

हाच मुद्दा १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आला. बिहार सरकारच्या एका नियमानें सरकारी नोकरांना कोणत्याहि प्रकारचें निदर्शन करण्यास बंदी केली होती. शांततेचें निदर्शन हा मत सांगण्याचाच एक प्रकार आहे, आणि सरकारी नोकरींत शिरलेला मनुष्य आपले मूलभूत हक्क दाराबाहेर ठेवून येत नाहीं, असें कामेश्वर प्रसाद यांच्या त्या खटल्यांत न्यायालयानें ठरविलें व ती सरसकट बंदी तेवढ्यापुरती रद्द केली. संप करण्याचा मूलभूत हक्क मात्र मानला नाहीं. त्याच वर्षीं दुसरा खटला आपल्या मुंबईचा. केंद्र सरकारच्या हिशेबतपासणी खात्यांतील जोसेफ नांवाचे कर्मचारी आपल्या नोकरसंघाचे चिटणीस होते. सरकारनें संघाची मान्यता काढून घेतली. अशा संघांत कोणीं राहूं नये असा नियम होता. तो नियमहि न्यायालयानें घटनाबाह्य ठरविला.

इतकें झाल्यावर १९६४ सालीं केंद्र सरकारचे नवे वर्तणूक-नियम आले. त्यांतला ९ वा नियम वाचण्यासारखा आहे. मौज अशी कीं त्याचा आरंभच रेडिओवरील भाषणापासून होतो. म्हणजे मी आज नोकरींत असतों तर हें भाषण करण्याआधीं मला तो नियम उशाशीं घेऊन निजावें लागलें असतें. सरकारी नोकरानें रेडिओवर, छापील लेखांत, वर्तमानपत्रास दिलेल्या मजकुरांत किंवा जाहीर बोलण्यांत, स्वतःच्या नांवानें, निनांवी, टोपणनांवानें अगर दुसऱ्याच्या नांवानें, सरकारच्या चालू किंवा नुकत्याच धोरणावर प्रतिकूल टीका होईल असें कोणतेंहि मत अथवा वस्तुस्थितीचें कथन करूं नये, असा त्याचा आशय आहे. टोपणनांवाचा उल्लेख आल्यामुळें लोकहितवादींचा मार्ग बंद झाला, हें तर उघड आहे. पण माझें लक्ष वेधलें तें 'वस्तुस्थितीचें कथन' या शब्दांनीं. मत वर्ज्य, हें एक वेळ समजूं शकतों. येथें खरी हकीकतहि वर्ज्य आहे, जर ती सरकारला प्रतिकूल असेल तर! एवढें मात्र सांगितलें पाहिजे, कीं नोकरसंघाच्या पदाधिकाऱ्यानें नोकरीच्या अटींविषयीं प्रामाणिकपणें मांडलेल्या मताला त्या नियमांत जागा ठेविली आहे. आपल्या राज्याच्या नोकरांसाठीं १९७९ चे आणि जिल्हा परिषदांच्या नोकरांसाठीं १९६७ चे वर्तणूक-नियम आहेत. २०२५ च्या जुलै महिन्यांत महाराष्ट्र शासनानें समाजमाध्यमांवरील लिखाणासाठींहि सूचना काढल्या. भ्रमणध्वनीवर लिहिलेली ओळ ही छापलेल्या लेखाइतकीच नियमाखालीं आणली.

न्यायालयांचे निकालहि नेहमीं एकाच दिशेनें गेलेले नाहींत. कर्नाटकांतील एका सरकारी महामंडळाच्या नोकरानें वरिष्ठांविरुद्ध राज्यपालांकडे तक्रार केली व वर्तमानपत्रांत निवेदन दिलें. त्याची बडतर्फी १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायम केली. संस्थेचा कारभार सुरळीत चालावा म्हणून केलेला नियम हा भाषणस्वातंत्र्यावरचा घाला नव्हे, असें तेथें म्हटलें. उलट २०२० सालीं त्रिपुराच्या उच्च न्यायालयानें एका महिला कर्मचाऱ्याच्या बाजूनें निकाल दिला. निवृत्ति अगदीं तोंडावर आली असतां, राजकीय सभेस हजर राहिल्याबद्दल आणि समाजमाध्यमावर मत लिहिल्याबद्दल, तिला निलंबित केलें होतें. सरकारी नोकर हा भाषणस्वातंत्र्याला मुकलेला प्राणी नाहीं, असा त्या निकालाचा भावार्थ.

अमेरिकेंत हाच वाद कसा फिरला तें थोडक्यांत सांगतों. मॅसॅच्युसेट्स राज्यांतील न्यू बेडफर्ड गांवच्या एका पोलिसाला राजकारणांत पडल्याबद्दल काढून टाकलें. १८९२ सालीं न्यायमूर्ति होम्स म्हणाले, कीं राजकारणावर बोलण्याचा हक्क त्याला असेल, पण पोलीस असण्याचा हक्क कोणालाच नाहीं. वाक्य चटकदार आहे. तें पाऊणशें वर्षें लोकांच्या तोंडीं राहिलें. मग इलिनॉय राज्यांतील पिकरिंग नांवाच्या एका शाळामास्तरानें, शाळेचें मंडळ नवा कर मागतें पण खेळांवर पैसा कसा उडवितें, असें पत्र गांवच्या वर्तमानपत्रांत लिहिलें. मंडळानें त्याला घरीं बसविलें. पत्रांत कांहीं आंकडे चुकलेहि होते. १९६८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें मास्तराच्या बाजूनें कौल दिला. जाणूनबुजून किंवा बेफिकिरीनें खोटें लिहिल्याचें सिद्ध झालेलें नाहीं, वर्गांतल्या शिकविण्याला बाध आलेला नाहीं, आणि शाळेचा पैसा कसा खर्च होतो हा सगळ्या गांवाचा प्रश्न आहे. मग नोकरी कां जावी, असा त्या निकालाचा रोख होता. हा निकाल मी प्रथम वाचला तेव्हां पुस्तक मिटून बराच वेळ ओसरीवर बसून राहिलों. त्याचें कारण आतां सांगतों.

१९९१ सालच्या पावसाळ्यांत मी एका लहान गांवीं प्राथमिक शिक्षक होतों. गांवाचें नांव नको, आणि माझ्या वरिष्ठ कचेरीचेंहि नको. चार इयत्ता आणि दोन खोल्या. त्यांतल्या एका खोलीचीं कौलें उडालेलीं, वासे कुजलेले. तिसरी-चौथीचीं मुलें मारुतीच्या देवळांत बसत. मी तीन वेळां अर्ज केले. पगारपत्रकाच्या कामासाठीं एकदां कचेरींत गेलों असतां टेबलावर उघड्या पडलेल्या वहींत माझ्या शाळेची दुरुस्ती पुरी झाली असल्याची नोंद मला दिसली, रक्कमहि दिसली. घरीं येऊन मी एका वर्तमानपत्रास पत्र लिहिलें, त्यांत ती रक्कम घातली, आणि खालीं सही केली ती नांव, हुद्दा आणि शाळा यांसह. पत्र छापून आलें. बाविसाव्या दिवशीं सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर माझी बदली झाली. दिवसांतून एक एस. टी., आणि फाट्यापासून सात किलोमीटर पायीं. आई अर्धांगानें अंथरुणाला खिळलेली, मुलगी दुसरींत. हुकुमांत कारण म्हणून दोनच शब्द होते: 'प्रशासकीय सोय'.

मी साहेबांना भेटलों. ते शांतपणें म्हणाले, "गुरुजी, तुम्हांला शिक्षा कोणी केली आहे? बदली हा नोकरीचा भाग आहे." कायद्याच्या दृष्टीनें ते चूक बोलले नाहींत. बदली ही शिक्षा मानली जात नाहीं. म्हणून तिला आरोपपत्र लागत नाहीं, चौकशी लागत नाहीं, आपलें म्हणणें मांडण्याची संधि द्यावी लागत नाहीं. आरोपपत्र असतें तर मला एका गोष्टीची कबुली द्यावीच लागली असती: ती रक्कम मी कचेरीच्या वहींतून उचलली होती, आणि तो अधिकार मला नव्हता. त्याबद्दल मला ताकीद मिळती, तर मी मान खालीं घालून ती घेतली असती. सहीखालीं हुद्दा घालण्याचेंहि कारण नव्हतें. त्यामुळें पत्र माझें न राहतां शाळेचें झालें. पण या दोन चुकांपलीकडे पत्रांत जें होतें, म्हणजे मुलें देवळांत बसतात आणि कौलें नाहींत, तें कोणाहि गांवकऱ्याला डोळ्यांनीं दिसत होतें. तें लिहिण्याचा मला हक्क होता कीं नव्हता? हा प्रश्न कोणीं विचारलाच नाहीं, तेव्हां त्याचें उत्तरहि कोणाला द्यावें लागलें नाहीं.

पाड्यावर मी चार वर्षें काढलीं. तेथील मुलें गुणी होतीं आणि तेथील दिवसांविषयीं माझी तक्रार नाहीं. तक्रार दुसरी आहे. माझ्या बदलीनंतर त्या भागांतल्या शिक्षकांच्या मासिक सभेंत इमारतींचा विषय निघेनासा झाला. पूर्वीं निदान कोणी पाण्याविषयीं, कोणी मुलींच्या मुतारीविषयीं बोलत असे. आतां सगळे हजेरी लावून चहा घेऊन परत जात. पुढल्या वर्षीं शेजारच्या एका गांवीं शाळेची मागची भिंत पडली. तो रविवार होता म्हणून निभावलें. भिंतीला तडा होता हें त्या शाळेच्या दोन्ही शिक्षकांना ठाऊक होतें. त्यांतले एक माझे स्नेही. मी त्यांस म्हटलें, "कळविलें कां नाहीं?" ते म्हणाले, "भाऊ, तुमचा पाडा आम्हीं पाहिला ना!"

धन्याला नोकराच्या बोलण्यावर कांहीं अधिकार आहे, हें मी वर कबूल केलेंच आहे. माझें मागणें इतकेंच आहे, कीं तो अधिकार त्यानें तोंड उघडून वापरावा. तुझें अमुक वाक्य अमुक नियमाविरुद्ध आहे, त्यामुळें कामाचें अमुक नुकसान झालें, असें लिहून द्यावें. लिहावें लागलें कीं निम्मे धनी लिहिणार नाहींत. कारण बहुतेक वेळां नुकसान कामाचें झालेलें नसतें, वरिष्ठाच्या मानाचें झालेलें असतें. आणि जे लिहितील त्यांना उत्तर देतां येईल.

या दिशेनें कायदा कांहीं पावलें पुढें आला आहे, हें सांगण्यास मला आनंद वाटतो. आपल्या राज्यानें २००५ सालीं सरकारी नोकरांच्या बदल्यांसंबंधीं कायदा केला. एका जागीं साधारणतः तीन वर्षें, बदल्या एप्रिल-मे मध्यें, आणि मुदतीच्या आधीं बदली करावयाची तर त्याचीं कारणें लेखी नमूद करून वरची मंजुरी घ्यावी, असें त्यांत आहे. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि सोमेश तिवारी यांच्या खटल्यांत, शिक्षेच्या ऐवजीं केलेली बदली टिकणार नाहीं असें म्हटलें. अर्थात् शिक्षेच्या ऐवजीं केली, हें सिद्ध करण्याचें ओझें पुन्हां नोकराच्याच डोक्यावर. आणि 'प्रशासकीय सोय' हे शब्द अजून शब्दकोशांतून गेलेले नाहींत.

खासगी नोकरीची गोष्ट निराळी आहे. १९ वें कलम मुख्यतः राज्यसत्तेला बांधतें. दुकानदाराला, कारखानदाराला किंवा कंपनीला तितकें नाहीं. तेथें करारपत्रांत जें असेल तें. १९४६ च्या कायद्यानें कारखानदारांना गैरवर्तनाचे नियम लेखी करावयास लावले, हा मोठा आधार झाला. १९८३ सालीं ग्लॅक्सो कंपनीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें, कीं नियमांत 'कारखान्याच्या आवारांत अथवा लगत' असें लिहिलें असेल, तर आवाराबाहेरच्या वागण्यासाठीं तो नियम ताणतां येणार नाहीं. खासगी शाळांतील शिक्षकांना १९७७ च्या कायद्यानें न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय झाली. बाकीच्या लाखो नोकरदारांना, विशेषतः कंत्राटावर असलेल्यांना, एवढेंहि नाहीं. त्यांना काढावें लागत नाहीं, फक्त पुढचें वर्ष द्यावयाचें नाहीं, इतकें पुरतें. ज्यांचीं मुलें नव्या कंपन्यांत आहेत त्यांनीं त्यांचें करारपत्र एकदां मागून वाचावें. समाजमाध्यमांवर काय लिहावें आणि काय लिहूं नये, याचें कलम कित्येकांत असतें. आणि मुलांनीं तें न वाचतां सही केलेली असते.

गेल्या दिवाळीनंतर माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो राज्य सरकारच्या एका कचेरींत लिपिक आहे. त्याच्या गल्लींतली गटार दोन वर्षें तुंबलेली आहे, लहान मुलें तापानें आजारी पडतात, आणि त्याला वर्तमानपत्रांत पत्र लिहावयाचें होतें. मसुदा त्यानें आणला होता. बायकोनें अडविलें म्हणून तो मला विचारावयास आला होता. आम्हीं दोघांनीं ओसरीवर बसून तो मसुदा वाचला. एका वाक्यांत, नगरपालिकेच्या अनुदानाची फाइल आपण कचेरींत पाहिली, असें होतें. तें मी काढावयास लाविलें. सहीखालचा हुद्दा काढला आणि त्या जागीं गल्लीचें नांव घातलें. गटारीचें माप त्यानें टेपनें स्वतः घेतलें होतें, तें ठेविलें. आजारी मुलांची संख्या डॉक्टरांकडून न घेतां शेजाऱ्यांना विचारून पुन्हां मोजावी, असें मी सुचविलें. तीहि त्यानें मोजून आणली, आणि ती पहिल्यापेक्षां दोननें कमी भरली. मग पत्र गेलें, छापून आलें. नगरपालिकेची गाडी एकदां येऊन गेली म्हणे. त्याच्या साहेबांनीं अद्याप कांहीं म्हटलेलें नाहीं. पण त्याच्या बायकोनें मुलाच्या नव्या वर्गाचीं पुस्तकें घेण्याचें लांबणीवर टाकलें आहे. बदल्यांचा महिना मे, आणि तो अजून यावयाचा आहे.